सकाळचं ‘नाही’

शेजारच्या मास्तरीणबाई डबा परत द्यायला आल्या, त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “काका, गॅसचा वास येतोय हो.”

फिटर तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा निवडत बसला होता. शेगडीपासून त्याची खुर्ची हातभर लांब, जास्त नाही. पहिल्यांदा त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. मग त्यांचा हात नाकाशी गेलेला दिसला आणि त्याच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. पुढचं सगळं हातांनीच केलं, त्याला विचारलंसुद्धा नाही. मागच्या बर्नरचं बटण अर्धवट फिरलेलं होतं, ते बंद झालं. ओट्याखाली वाकून सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद झाला. खिडकी उघडली, गॅलरीचं दार उघडलं. मागोमाग आत आलेल्या मास्तरीणबाईंचा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे निघाला होता, तो त्यानं वरच्यावर धरला. “दिवा नाही, पंखा नाही. कशालाच हात लावू नका. बाहेर चला आधी.” बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला दंडाला धरून त्यानं घरातून काढलं, आणि तिघं जिन्यात उभी राहिली. बायकोच्या खांद्यावर ओला टॉवेल तसाच होता.

“दूध उतू गेलं होतं, ते पुसताना माझ्याच फडक्यानं फिरलं असणार बटण,” बायको म्हणाली. “बघा बाई. चाळीस वर्षं गॅसवाल्याच्या घरात काढली, तरी मेला हात वेंधळाच.”

“काका होते म्हणून. मी तर दिवाच लावणार होते.”

“ह्यांच्या नाकावर तर घर चालतंय आमचं.”

“आता ते यंत्र मिळतं ना, भिंतीवर लावायचं? गॅस सुटला की किंचाळतं म्हणे.”

“आमच्याकडे माणूसच आहे की,” बायको हसली. “किंचाळत नाही, एवढंच.”

फिटरही हसला. हसता हसता तो कठड्याला टेकला. बाईंना पंधरा पावलांवरून, दारातून वास आला होता. तो हातभर अंतरावर बसून शेंगांचे दोर काढत होता. हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटलं. मग वारा खेळून घर मोकळं झाल्यावर तिघं आत आली, मास्तरीणबाई शाळेला गेल्या, आणि बायकोनं टॉवेल खांद्यावरून काढता काढता एकदा शेगडीकडे पाहिलं, एकदा त्याच्या खुर्चीकडे, एकदा निवडलेल्या शेंगांच्या ढिगाकडे. टेलर जसा टेप न लावता नुसत्या डोळ्यांनी गिऱ्हाइकाचं माप घेतो, तसं. मग टॉवेल वाळत घालायला गेली.

“जरा जाऊन येतो,” तो म्हणाला आणि चपला पायात सरकवून खाली उतरला. कुठे, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यालाही ठाऊक नव्हतं.

बायकोला वास येत नसे. नऊ वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यात गेला तो गेलाच. लग्न ठरवताना तिच्या घरच्यांनी ही गोष्ट सांगितली नव्हती. लपवली असंही नाही, त्यांना ती सांगण्यासारखीच वाटली नव्हती. डोळा नाही, पाय नाही असं असतं तर सांगितलं असतं. लग्नानंतर नव्या खोलीत शेगडी बसवून फिटरनं मोठ्या ऐटीत तिला विचारलं होतं, “ये इकडे. बघ, वास येतोय का कुठे?” आणि ती अगदी साधेपणानं म्हणाली होती, “मला वासच येत नाही.” त्याला वाटलं, जोड पक्का बसलाय असं म्हणतेय. ती म्हणाली, “तसं नाही. मला कशाचाच येत नाही.” तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. गॅसला स्वतःचा असा वास नसतो. कारखान्यात तो मुद्दाम घालतात, सुटला तर माणसांना कळावा म्हणून. साऱ्या जगासाठी कोणीतरी तो वास घालून ठेवला होता, आणि ह्या एका बाईचा विचार कोणी केला नव्हता. त्या क्षणी त्याला तिच्याबद्दल जे वाटलं, त्याला दया म्हणता आलं नसतं. आपल्याला इथे मुद्दाम कोणीतरी पाठवलंय, असं काहीसं ते होतं.

कारण त्याचं नाक म्हणजे नाक होतं. कामावरची माणसं त्याला नाकवालेच म्हणत. त्याला काम शिकवलं त्या उस्तादाला भुवया नव्हत्या. तरुणपणी गळती शोधायला उस्तादानं काडी ओढली होती आणि त्या गेल्या होत्या, त्या परत काही उगवल्या नाहीत. नवा माणूस शिकायला आला की उस्ताद त्याला समोर बसवायचा आणि म्हणायचा, “माझ्या तोंडाकडे नीट बघ. हा पहिला धडा. गळती काडीनं शोधायची नाही. साबणाच्या पाण्यानं शोधायची. बुडबुडा आला, की गळती.” सगळे शिकले. फिटरही शिकला; पण त्याला साबणाची गरजच पडत नसे. जिन्यात पाय ठेवला की तो सांगे, दुसरा मजला, उजवीकडचं दार. उस्ताद चिडायचा. “नाक आज आहे, उद्या सर्दी आहे. साबणाला सर्दी होत नाही.” आणि सगळे हसायचे, कारण उस्ताद चिडला की त्याच्या कपाळावर जिथे भुवया असायला हव्यात, तिथे नुसत्या दोन आठ्या वर चढत.

रस्त्याच्या कोपऱ्यावर बेकरी होती. फिटर तिच्या दाराशी थांबला. आतून पावाचे पत्रे बाहेर येत होते, त्यांच्यावरची वाफ त्याला दिसत होती. त्यानं श्वास घेतला. हवा कोमट लागली. बस्, कोमट. पुढे चांभार बसायचा, त्याच्या डब्यातल्या चिकट सोल्युशनवर फिटर इतका वाकला, की चांभार म्हणाला, “काय पडलं का काका?” रंगाच्या दुकानात टर्पेंटाइनचा डबा उघडा होता, त्यानं डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही नाही. डोळ्यांना कळतं आणि नाकाला कळत नाही, याची त्याला लाज वाटली. नवीन काही नव्हतं यात. चार महिन्यांपूर्वीच्या सर्दीतापानंतर हे झालं होतं. आधी चहाची पूड बदलली असं वाटलं, मग साबण हलका निघाला असं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं बायको बाहेर गेलेली पाहून केरोसिनची जुनी बाटली शोधून काढली, उघडली, नाकाखाली धरली, आणि पुन्हा बूच लावून ठेवून दिली. त्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. आणि त्या दिवसानंतरही रोज सकाळी ती लायटर हातात घेऊन ओट्याशी उभी राही, विचारी, “वास?” आणि तो दारातून दोन पावलं आत येई, ओट्याखाली वाकून बघे, कारण हा गॅस जड, खाली बसतो, आणि म्हणे, “नाही.” मग ती पेटवी. आजही म्हणाला होता.

खोटं नव्हतं ते. हेच त्याला दिवसेंदिवस कुरतडत होतं. वास येतो का, तर नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्याच्या आत काहीही नव्हतं. ठोकून पाहिलं तर रिकाम्या सिलिंडरसारखं वाजलं असतं.

आधी असं नव्हतं. पहिली सहा वर्षं तिची ती रोज सकाळी नळी तपासत असे. त्यानंच शिकवलं होतं: वाटीत साबणाचा फेस, त्याचा जुना दाढीचा ब्रश, रेग्युलेटरपासून सुरुवात करून नळीवरून शेगडीच्या बटणांपर्यंत. ब्रश फिरवायचा, थांबायचं, बघायचं. ती ओठ मिटून, डोळे बारीक करून बघायची, एखाद्या लहान मुलाच्या कानात काही गेलंय का बघावं तशी. त्याला वाचायलाही तिनं त्याच दिवसांत शिकवलं. प्रत्येक नव्या शेगडीबरोबर एक छापील कागद असे, तो फिटर गिऱ्हाइकांना तोंडपाठ म्हणून दाखवायचा, आणि कागद हातात उलटा आहे की सुलटा, हे त्याला छापलेल्या ज्योतीच्या चित्रावरून कळायचं. तिच्या हे लक्षात आलं, तेव्हा ती हसली नाही. शेंगा निवडता निवडता म्हणाली, “ह्यात ‘काडी’ कुठे लिहिलंय ते दाखवू का?” आधी काडी पेटवा, मग बटण फिरवा. ज्योत निळी हवी, पिवळी झाली तर बर्नर साफ करा. भांड्याचा दांडा आतल्या बाजूला. शेगडी चालू ठेवून लांब जाऊ नका. त्याचं पहिलं पुस्तक ते. आणि शेवटून दुसरी ओळ वाचायला त्याला पंधरा दिवस लागले. ती उस्तादानं त्याला कधी सांगितलीच नव्हती, किंवा त्यानं ऐकली नव्हती. नळीवरची तारीख पाहा. तारीख उलटल्यास नळी बदला.

मग एकदा त्याचा कामावरचा सोबती जेवायला आला. सकाळीच आला, आणि त्यानं तिला ब्रश फिरवताना पाहिलं. पोट धरून हसला तो. “अरे नाकवाले! घरात एवढं मोठं यंत्र असून वहिनींना साबण लावायला लावतोस? उद्या आमच्या गिऱ्हाइकांनी ऐकलं तर म्हणतील, ह्याच्या बायकोचाच ह्याच्यावर विश्वास नाही.” त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, तो सगळ्यांनाच हसायचा. चुकलं ते दुसऱ्या दिवशी. फिटरनं तिच्या हातातून वाटी घेतली आणि म्हणाला, “ठेव तो ब्रश. मी आहे ना.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?”

“असणारच मी.”

तिनं ब्रश धुतला, झटकला, ठेवून दिला. तिला ते बोलणं आवडलं होतं. त्यालाही आवडलं होतं. दोघांनाही आवडलेली गोष्ट चूक असेल, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं असतं? चौतीस वर्षं झाली त्याला. मधे कामासाठी तो परगावी जाई, दोन दिवस, चार दिवस. लेक मोठी होऊन, लग्न होऊन तिच्या घरी गेल्यावर एकदा बोलता बोलता सहज म्हणाली, “बाबा गावाला गेले की आमची मज्जा असायची. पाव आणि फळं. आई चूल पेटवायचीच नाही.” त्यानं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “काय बिघडलं? एक-दोन दिवस गार खाल्लं तर कोणी मरत नाही.” इतका विश्वास टाकला तिनं. तो जडच झाला होता त्याला त्या दिवशी, आणि त्याचं सुखही वाटलं होतं. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

आणि वास सांगणं तर वेगळंच होतं. ते कसं सुरू झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. ती कानानं स्वयंपाक करायची. तेलाचा आवाज, दूध वर येण्याआधी एक क्षण पडते ती शांतता, भाताच्या पाण्याचा बदलत जाणारा सूर; त्यावरून तिला सगळं कळे, आणि तिचं कधी काही करपलं नाही. पण शेवटी झाकण काढलं की ती त्याच्याकडे बघायची. “सांगा.” नुसतं छान म्हणून चालत नसे. कसा, ते सांगावं लागे. मग तो शोधत बसायचा. कांदा परततानाचा वास: दुपारी शाळा सुटल्यावर वर्गात मागे राहतो ना, तसा. भात: नव्या वहीची पानं फर्रकन उलटली की येतो तो. एकदा तो म्हणाला, उकडलेल्या बटाट्याला उन्हात वाळवलेल्या पांघरुणाचा वास आहे, तेव्हा ती विळी खाली ठेवून म्हणाली होती, “मग मला माहितीये तो. नऊ वर्षांची होईपर्यंत मी त्यातच झोपायचे.” अशी चाळीस वर्षं. दिवसभर लोकांच्या घरी नळ्या जोडताना त्याच्या डोक्यात तेच चालू असे, आज काय सांगू. आणि हे चार महिने तो जुन्यातलं काढून काढून सांगत होता. चोरी होती ती. पण ती चोरी त्याला सोसत होती. सकाळचं ‘नाही’ सोसत नव्हतं. सांगितलं तर ती पुन्हा चूल पेटवणार नाही, या भीतीनं तो गप्प होता. आणि त्या भीतीच्या खाली आणखी एक होती, तिच्याकडे तो बघतही नसे: नाक गेलं, तर ह्या घरात आपलं काम काय राहिलं?

चालता चालता तो सुट्या भागांच्या दुकानापाशी आला होता. पायांना रस्ता पाठ होता. दुकानदार ओरडला, “या नाकवाले! आज गिऱ्हाईक होऊन?” छताला नव्या नळ्यांची भेंडोळी टांगलेली होती. सवयीनं फिटरनं एकीवरची तारीख वाचली, अक्षर अक्षर जोडून, अजूनही ओठ हलवत. आणि तसाच उभा राहिला. आपल्या घरच्या नळीवरची तारीख त्याला आठवेना. हजार घरांतल्या नळ्या त्यानं बदलल्या, गिऱ्हाइकांना रागावला. स्वतःच्या घरची कधी बदलली? मागच्या वेळी, की त्याच्या मागच्या? घरात नाक होतं. तारखेकडे बघितलं कोणी?

“एक मीटर दे. आणि दोन क्लिपा.”

“कोणाच्या घरची?”

“आहे एक जवळचं माणूस.”

“मग ही घ्या. ही दाखवायची नाही, वापरायची आहे.”

येताना तो चालला नाही, जवळजवळ पळाला. त्याच्या मनात नुसतं एकच होतं: जेवणाची वेळ झालीये, तिनं पेटवली असेल. जिन्यावर धाप लागली, तरी सवयीनं त्यानं नाक वर करून श्वास घेतला, आणि स्वतःलाच शिवी दिली.

स्वयंपाकघर गार होतं. दूध फडक्याखाली झाकलेलं. चिरलेल्या शेंगा ताटात, वाळायला लागलेल्या. बायको टेबलाशी बसली होती. समोर पावाचा अर्धा तुकडा आणि सफरचंदाचा गाभा. कारखान्याची बाराची शिट्टी वाजून गेली होती.

“अगं, पेटवली नाहीस?”

“तुम्ही ‘नाही’ सांगून कुठे गेलात?” ती म्हणाली. “सकाळचं सकाळी झालं. त्यानंतर घोटाळा झाला. आता पुन्हा सांगायला नको?” ती उठली, लायटर घेऊन ओट्याशी उभी राहिली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “हं. वास?”

आता कशाचीच अडचण नव्हती. पिशवीत नळी होती. ‘थांब, नळी बदलतो, जुनी झालीये,’ म्हटलं असतं तर ती बाजूला सरली असती. पाच मिनिटांचं काम. मग तो वाकला असता, म्हणाला असता ‘नाही’, आणि उद्या पुन्हा, परवा पुन्हा. तो दारातून दोन पावलं आत आला. वाकला. ओट्याखाली सिलिंडर होता, त्याच्यावर कोळ्याचं एक बारीक जाळं होतं, आणि त्याला कळलं की चार महिने आपण नुसते वाकलो, इथे पाहिलंसुद्धा नाही.

“माहीत नाही,” तो वाकलेलाच म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे मला कळत नाही. माझा गेलाय वास. त्या तापानंतर. सकाळी मी इथेच बसलो होतो. तू पाहिलंस.”

तो उठला नाही. उठून तिच्या तोंडाकडे बघायचं त्याला धैर्य झालं नाही. मग वरून तिचा आवाज आला, आणि तो रागाचा नव्हता, त्याला नवल वाटलं. “म्हणून होय,” ती म्हणाली. “म्हणून जुनेच सांगत होतात.”

“काय?”

“परवा शेंगांना उन्हातलं पांघरूण म्हणालात. ते बटाट्याचं होतं. लेकीच्या वेळी मला सातवा लागला होता, तेव्हाचं. त्याआधी भाताला शाळेचा वर्ग म्हणालात, तो कांद्याचा. अहो, तुमच्यापाशी नाक होतं, माझ्यापाशी नुसते तुमचे शब्द. मी ते अदलाबदल करीन का?” तिनं लायटर दुसऱ्या हातात घेतला. “मला वाटलं, कंटाळलात. चाळीस वर्षं झाली. माणूस कंटाळूही शकतो.”

“अगं, वेडी का तू?”

“आता उठा. गुडघे दुखतील.”

तो ओट्याला धरून उठला, आणि त्याचा जीव भांड्यात पडणार इतक्यात तिनं लायटर खाडकन टेबलावर ठेवला. आता ती रागावली होती. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, बिनकामाच्या नाकाच्या. “वास खोटे सांगितलेत ते सोडते मी. ती आपली गंमत आहे. पण सकाळचं ‘नाही’? रोज? मी डोळे मिटून पेटवत होते हो! तुमच्या एका शब्दावर हात पुढे करत होते. चार महिने!”

“तू चूल बंद केली असतीस.”

“केली असती. चार दिवस. मग काहीतरी केलं असतं. ब्रश मी टाकला नव्हता.”

आणि ती आत गेली. शिवणाच्या बटणांचा डबा उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात तो दाढीचा ब्रश होता, केस निम्मे झडलेले, दांडा पिवळा पडलेला. त्याला त्या ब्रशची आठवणही राहिली नव्हती. वाटीत साबण घोळवताना ती एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती. फेस झाला, तेव्हा वाटी त्याच्यापुढे केली. “तुम्ही फिरवा. मी बघते. एवढं बारीक बघायला तुमचे डोळे काही कामाचे नाहीत आता, आणि माझा हात सकाळी तुम्ही पाहिलातच.”

बटणं बंद आहेत हे त्यानं एकेक बोट लावून पाहिलं. खिडकी उघडीच होती. रेग्युलेटर चालू केला आणि ब्रश फिरवायला लागला. हात आपसूक चालत होता, पण आज त्याला घाई नव्हती. रेग्युलेटरचा जोड. “नाही,” ती म्हणाली. नळीचा पहिला हात. “नाही.” मधला भाग. “नाही.” ती अगदी जवळ वाकली होती, तिचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता, ओठ तसेच मिटलेले, डोळे तसेच बारीक. नळी शेगडीला मिळते तिथे, मागच्या बाजूला, जिथे रोजची आच लागते, तिथे ब्रश फिरला आणि ती म्हणाली, “थांबा.”

बुडबुडा मोहरीच्या दाण्याएवढा होता. तो हळूहळू मोठा झाला, चमकला, फुटला. आणि त्याच जागी दुसरा आला.

फिटरनं रेग्युलेटर बंद केला. तिनं फडक्यानं नळी पुसली, खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यावरची तारीख मोठ्यानं वाचली. ती उलटून वर्ष होत आलं होतं.

“हे किती दिवसांपासून?” तिनं विचारलं.

“माहीत नाही.” आज दुसऱ्यांदा तो हे म्हणाला, आणि चाळीस वर्षांत तिला हे दोन शब्द त्यानं कधी सांगितले नव्हते. “उस्तादानं पाहिलं असतं, तर भुवया नसलेल्या कपाळानं मला मारलं असतं.”

तिला हसू आलं. आवरायचा तिनं प्रयत्न केला, पण आलंच, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि साबणाचा हात डोळ्यांना लागला, आणि मग खरंच रडली. तो मधेच पाणी आणायला धावला. “डोळे सांभाळ,” तो म्हणाला. “आता घरात तेवढेच आहेत.”

नवी नळी त्यानं घातली. जुनी कापून तिचे चार तुकडे केले, म्हणजे कोणी उचलून वापरायला नको. क्लिप आवळताना तिनं विचारलं, “आणि ते किंचाळणारं यंत्र?”

“उद्या आणतो.”

“आणाच. तुमच्यापेक्षा खरं बोलेल.” मग जरा थांबून म्हणाली, “पण ब्रशही राहील. दोन्ही. कोणी एकावर घर टाकायचं नाही आता. ना यंत्रावर, ना माणसावर.”

पुन्हा फेस, पुन्हा ब्रश. “नाही,” ती म्हणत गेली, जोडाजोडाशी. “नाही. नाही.” शेवटच्या जोडाशी ती बराच वेळ थांबली, त्याला वाटलं पुन्हा दिसला की काय, मग तिनं मान वर केली. “नाही.” त्या एका शब्दात काय काय असू शकतं, हे फिटरला इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ऐकताना कळलं.

तिनं पेटवली. ज्योत निळी आली. तेल तापलं, शेंगा पडल्या, वाफेचा लोट उठला, आणि फिटर सवयीनं पुढे वाकला. कोमट. बाकी काही नाही. झाकण ठेवून ती मागे वळली, आणि तिच्या तोंडावर येऊ घातलेला तो शब्द, ‘सांगा’, तिथेच अडला. ती ओशाळली. तो काही बोलण्याआधी तिनं खुर्ची ओढली, शेगडीच्या शेजारी, हातभर अंतरावर, आणि त्याला बसवलं.

“ऐका आता,” ती म्हणाली. “हे जे तडतडतंय ना, हे पाणी आहे. शेंगांचं. ते भांडतंय तेलाशी. अजून पाच मिनिटं भांडेल.”

“मग?”

“मग आवाज खाली येईल. कोणी दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायला लागल्यासारखा. तेव्हा मीठ.” तिनं बोट ओठांवर ठेवलं. “बोलू नका. निसटेल.”

तो गप्प बसला. जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली, खाली रस्त्यावर लांब चांभाराची हातोडी चालू होती, आणि त्या सगळ्यातून तो झाकणाखालचं भांडण वेगळं काढायला बघत होता, पहिली अक्षरं ओळखायला बघितली होती तसं, ओठ किंचित हलवत. ती त्याच्याकडे बघत उभी होती.

“आलं का?” थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं.

“थांब,” तो म्हणाला. “जातंय आता दुसऱ्या खोलीत.”